रंगीत तो नर, फिकी ती मादी? बुटक्या सिक्लिडांत हा हिशेब चालत नाही

प्रति,
संपादक,
वाचकांची पत्रे

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती फिशटँकविषयी जे पान होते, त्यात बुटक्या सिक्लिड माशांची (सिक्लिड या मोठ्या कुळातल्या लहान जातींची) जोडी निवडण्यासाठी एक सोपी खूण दिली होती : जास्त रंगीत तो नर, फिकी ती मादी. गप्पीला ही खूण लागू पडते, फायटरलाही पडते. पण क्रिबेन्सिस, रॅम आणि आपिस्टोग्रामा यांच्या पिल्लांना ती लावायला गेले की घरी दोन नर तरी येतात, नाहीतर दोन माद्या. हे मासे दुकानात येतात तेव्हा असतात दोन-अडीच सेंटिमीटरचे आणि दोन-तीन महिन्यांचे. त्या वयात रंगाइतकी बेभरवशाची खूण दुसरी नाही. भरवसा ठेवायचा तो परांवर, आणि त्यातही पोटाखालच्या परांच्या जोडीवर. पत्र लांबेल, पण ज्यांनी ते पान कापून ठेवले असेल त्यांच्या पैशांचा प्रश्न आहे.

क्रिबपासून सुरुवात करतो, कारण लेखातली खूण तिथे नेमकी उलटी पडते. क्रिबेन्सिस, म्हणजे पेल्व्हिकाक्रोमिस पुल्कर, हा पश्चिम आफ्रिकेतला, नायजेरियाच्या दक्षिणेकडच्या नद्या-ओढ्यांतला मासा. यात देखणी असते ती मादी. तिचे पोट पिकल्या जांभळाच्या आतल्या गरासारखे लालसर-जांभळे, पाठीवरच्या पराला सोनेरी चमक, अंग आखूड आणि भरलेले. नर तिच्यापेक्षा लांब, पण रंगाने बेताचा. 'एक रंगीत नर आणि दोन साध्या माद्या' असे सांगणाऱ्याच्या पिशवीत एक मादी आणि दोन नर पडतात. दोन फुटी टँकमध्ये ते दोन नर गुहेवरून एकमेकांचे पर फाडतात आणि मालकाला वाटते मादी फार तापट निघाली.

क्रिबच्या पिल्लांत फरक दिसू लागतो तो साधारण तीन सेंटिमीटरला. मादीचे पोट रंगायच्या आधी पोटाखालचे पर बोलतात. नराच्या या पराचा सर्वांत पुढचा मऊ किरण (पराला ताणून धरणारी काडी) बाकीच्यांपेक्षा लांब असतो, म्हणून पराला टोक निघते. मादीत त्याच्या मागचा किरण लांब, म्हणून कड गोल राहते आणि पर छोट्या पंख्यासारखा उघडतो. दुसरी खूण पाठीवरच्या पराचे आणि गुदपराचे मागचे टोक : नरात निमुळते, शेपटीच्या बाजूला लांबलेले, मादीत आखूड, गोलसर. तिसरी खूण ठिपक्यांची. मादीच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या भागात एक किंवा अधिक काळे ठिपके, सोनेरी कड असलेले. नराच्या शेपटीच्या वरच्या अर्ध्या भागात ठिपके. ही ठिपक्यांची खूण पुष्कळ ठिकाणी पहिली म्हणून दिलेली असते. ती तिसरीच ठेवावी, कारण शेपटीवर ठिपके असलेल्या माद्या आणि ठिपके नसलेले नर दोन्ही होतात. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या क्रिबमध्ये तर काळा रंगच नसतो, मग ठिपके कुठले? तिथे परांचा आकार पाहायचा आणि पोट लाल होण्याची वाट पाहायची.

आता पाहायचे कसे, ते. दुकानातल्या पिशवीत पाहण्यात अर्थ नाही. पॉलिथिनचा फुगवटा मासा मोठा आणि बुटका दाखवतो, आणि घाबरलेला मासा पर अंगाशी मिटून घेतो. मिटलेल्या परावरून काही ठरवता येत नाही. टँकसमोर दहा मिनिटे न हलता उभे राहावे. दोन पिल्ले समोरासमोर आली की पर ताठ उभारतात. पाहायचे ते त्या दोन-तीन सेकंदांत. घरी असेल तर काचेची किंवा अॅक्रिलिकची चपटी पेटी घ्यावी, पंधरा सेंटिमीटर लांब आणि आत जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद, म्हणजे मासा आडवाच राहतो. पाणी त्याच टँकचे. मासा सोडल्यावर पंधरा-वीस मिनिटे हात लावू नये. मागे पांढरा कागद धरला की पराची काळी कड उठून दिसते. काळा कागद धरला की पारदर्शक परांची टोके आणि दोरे दिसतात. दोन्ही लागतात. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून मिनिटभर व्हिडिओ घ्यावा आणि मग चित्र थांबवून थांबवून पाहावे. डोळ्यांनी जे सुटते ते तिथे सापडते.

खरी गुंतागुंत आपिस्टोग्रामांची. दक्षिण अमेरिकेतल्या या गटात नव्वदहून अधिक जाती आहेत. आपल्याकडे सर्वांत जास्त येते ती कॅकाटुऑइडिस. हे नाव काकाकुव्यावरून पडले. आपला शब्द आणि तो शब्द दोन्ही मूळ मलय भाषेतले. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात आणि शेपटीला वर-खाली दोन टोके निघतात. पूर्ण वाढलेला नर आठ सेंटिमीटरपर्यंत जातो, मादी पाचवर थांबते. एवढा फरक असलेल्या माशात ओळखायला अवघड ते काय? अवघड हेच की यातले काहीही पिल्लात नसते. सहा आठवड्यांच्या पिल्लात तर पाहूच नये. शेपटी सगळ्यांची गोल, तुरा कुणालाच नाही.

दहा ते बारा आठवड्यांत, पिल्लू दोन सेंटिमीटरचे झाले की पहिली खात्रीची खूण येते. मादीच्या पोटाखालच्या परांची पुढची कड काळी होते. बोरूने एकच रेघ ओढावी तशी : पराच्या मुळापासून निघून जवळजवळ टोकापर्यंत गेलेली, मागचा भाग स्वच्छ. पर स्वतः आखूड आणि टोकाला बोथट. नराचा तोच पर पारदर्शक, निळसर किंवा पिवळट असतो आणि टोकाला बारीक दोऱ्यासारखा लांबत जातो. पाठीवरच्या पराच्या पहिल्या एक-दोन पडद्यांवरही मादीत काळा डाग येतो, पण तो बऱ्याच नरांतही असतो. एकट्या त्याच्यावर जाऊ नये. चौदाव्या आठवड्यानंतर नराचे पाठीवरचे पुढचे काटे पडद्याबाहेर डोकावू लागतात आणि शेपटीचे कोपरे कापल्यासारखे दिसतात. तिथून पुढे शाळकरी पोरही सांगेल.

फसवतात त्या गोष्टी वेगळ्या. पहिली म्हणजे लाल-नारिंगी ठिपके. दुकानात 'डबल रेड', 'ट्रिपल रेड' म्हणून जे विकतात ते पिढ्यान्‌पिढ्या लाल रंगासाठी निवडलेले वाण. त्यांच्या माद्यांच्या परांतही थोडा लाल उतरतो. शेपटीवर लाल दिसला म्हणून नर समजून घेतलेले पिल्लू चार महिन्यांनी पिवळे होऊन अंड्यांवर बसते. दुसरी गोष्ट पिवळा रंग. पिवळी आणि काळ्या डागांची ती मादी, हे वाढलेल्या माशांत खरे. अडीच सेंटिमीटरची मादीही कोपऱ्यावर हक्क सांगताना पिवळीधमक होते, पण दुसऱ्या मिनिटाला जाळी दिसली की पुन्हा राखाडी. रंग हा मनःस्थितीचा असतो, वयाचा नाही.

तिसरी फसवणूक सगळ्यांत मोठी, आणि ती मासाच करतो. एका टँकमध्ये एक दांडगा नर असला की त्याच्यापेक्षा लहान नर दबून राहतात. तुरा वाढवत नाहीत, शेपटीची टोके काढत नाहीत, अंगावर मादीसारखा फिका पिवळसर रंग धरतात. त्यामुळे दांडगा त्यांना हाकलत नाही, आणि अंडी घालायच्या वेळी हे छुपे नर मादीजवळ जाऊन आपला कार्यभाग उरकतात. 'एक नर, तीन माद्या' म्हणून घेतलेल्या चौकडीतला एखादा या प्रकारचा निघणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. संशय आला तर त्या माशाला वेगळ्या टँकमध्ये, दांडगा नर नजरेसही पडणार नाही असे, दोन आठवडे ठेवावे आणि भरपूर खायला घालावे. मध्ये नुसती काच घालून उपयोग नाही, काचेतून दिसणारा नरही दाबून ठेवतो. नर असेल तर पाठीवरच्या पराचे पुढचे काटे वाढायला लागतात. दोन आठवड्यांत काही बदलले नाही आणि पोटाखालच्या पराची काळी रेघ ठसठशीत आहे, तर मादी धरावी.

चौथी चूक गिऱ्हाइकाची. 'मोठे मोठे द्या' म्हणण्याची. एकाच घाण्यातल्या, म्हणजे एका वेळच्या अंड्यांतल्या, पिल्लांत नर भराभर वाढतात. टँकमधली सहा सर्वांत मोठी आणि चपळ पिल्ले निवडली की सहाही नर निघायची शक्यता दांडगी. म्हणून दोन मोठी, दोन मधली, दोन लहान घ्यावीत. लहान म्हणजे मरतुकडी नव्हे. पाठ वाकडी, पोट आत गेलेले, श्वास जोरात चाललेला असे पिल्लू नर असो की मादी, घेऊ नये.

आणखी एक घोटाळा जातींचा. माद्या दिसायला साध्या, म्हणून बाहेरून येणाऱ्या मालात त्या कमीच पाठवतात. मग नर कॅकाटुऑइडिसचा आणि मादी भलत्याच आपिस्टोची अशी 'जोडी' लागते. आगासिझी या दुसऱ्या आपिस्टो जातीची मादी कॅकाटुऑइडिसच्या नावाखाली आली असेल तर अंगावरचा काळा आडवा पट्टा पाहावा. आगासिझीत तो शेपटीच्या परातून पार शेवटपर्यंत जातो. कॅकाटुऑइडिसच्या मादीचे ओठ जाड आणि जबडा बोजड असतो, आणि मुख्य पट्ट्याच्या खाली पोटावर आणखी पुसट आडव्या रेघा दिसतात.

पुरवणीतल्या लेखात 'आपिस्टोच्या माद्या बाजारात मिळत नाहीत' अशी तक्रारही नोंदवली होती. ती खरी आहे, पण सगळा दोष व्यापाऱ्यांचा नाही. जर्मनीतले उवे र्‍योमर आणि वोल्फगांग बाइझेनहेर्त्स यांनी १९९६ साली आपिस्टोग्रामाच्या तीसहून अधिक जातींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्ले २३, २६ आणि २९ अंश सेल्सिअसला वाढवली. बहुतेक जातींत निष्कर्ष एकच आला : पाणी जितके गरम, तितके नर जास्त. पिल्लू नर होणार की मादी, हे पहिल्या महिना-सव्वा महिन्यातल्या पाण्याच्या उष्णतेवर बरेचसे ठरते. पुढे थंड पाण्यात नेऊन ते बदलत नाही.

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते पाहा. मुंबई, ठाणे, नागपूर, जळगाव, कुठेही एप्रिल-मेमध्ये खोलीतल्या टँकचे पाणी ३० अंशांवर सहज जाते. त्या दिवसांत घातलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले बहुतांश नर. ती बाजारात येतात जुलै-ऑगस्टमध्ये, आणि पावसाळ्यात जो तो माद्या शोधत फिरतो. माद्या हव्या असणाऱ्याने नोव्हेंबर ते जानेवारीत अंडी घालू द्यावीत, हीटर २५-२६ वर लावावा आणि पिल्ले पोहायला लागल्यापासून निदान सहा आठवडे तो हलवू नये. उन्हाळ्यातच करायचे असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा सोडावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याहून कमी, नागपुरात जास्त. रोज उडालेले पाणी साध्या नळाच्या पाण्याने भरत राहिले तर क्षार साचतात, म्हणून आरओचे पाणी घालावे. झाकण काढायचे तर वर जाळी हवी, आपिस्टो उडी मारतात. बर्फाच्या बाटल्या तरंगवू नयेत. दुपारी चार अंश खाली आणि रात्री पुन्हा वर, या झोक्यात पिल्ले मरतात.

क्रिबमध्ये तेच काम पाण्याचा आम्लपणा करतो. पीएच (आम्लपणाचे माप, आकडा जितका कमी तितके पाणी आम्ल) साडेपाचच्या आसपास असला की नर जास्त, सातच्या आसपास माद्या जास्त. हेही पहिल्या महिन्यातच ठरते. मुंबईचे नळाचे पाणी मुळात हलके, म्हणजे कमी क्षारांचे. त्यात लाकूड आणि बदामाची पाने टाकून, पाणी न बदलता ठेवले की पीएच घसरतो, आणि मग घाणाच्या घाणा नरांचा निघतो. बदामाची पाने वाईट नाहीत. पिल्ले वाढवायच्या टँकमध्ये मूठभर प्रवाळाचे तुकडे जाळीत बांधून ठेवले की पीएच घसरत नाही, तेवढे पुरते.

रॅमकडे येतो. मायक्रोजिओफॅगस रामिरेझी, ओरिनोको नदीच्या खोऱ्यातल्या, व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या गवताळ मैदानांतल्या उथळ कोमट पाण्यातला मासा. १९४८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले. आपिस्टोसारखा आकारात मोठा फरक इथे नाही. नर पाच सेंटिमीटरचा, मादी थोडी कमी. रंग दोघांनाही भरपूर. पिल्लू अडीच सेंटिमीटरचे झाले की मादीच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना, गुदद्वाराच्या थोडे पुढे, गुलाबी छटा येते. आधी कोरड्या गुलाबपाकळीइतकी पुसट, मग महिनाभरात ठळक. ती छटा पोट भरलेले असताना आणि मासा निवांत असताना दिसते. नुकत्याच प्रवासातून आलेल्या माशात शोधू नये. दुसरी खूण अंगाच्या मधल्या काळ्या ठिपक्यात. मादीच्या ठिपक्यात चमकते निळे खवले विखुरलेले असतात, काळ्या चंद्रकळेवर टिकल्या जडवाव्यात तसे. नराचा ठिपका बहुधा कोरा काळा. 'बहुधा' एवढ्याचसाठी की फार्ममध्ये निळ्या रंगासाठी निवडलेल्या वाणांत नराच्या ठिपक्यातही एखाद-दुसरा खवला चमकतो. म्हणून गुलाबी पोट आणि निळा ठिपका, दोन्ही जुळले तरच मादी म्हणावे.

पाठीवरच्या पराचा दुसरा-तिसरा लांब काटा ही रॅमच्या नराची सर्वांत प्रसिद्ध खूण, आणि पिल्लांत सर्वांत निकामी. फार्मच्या माद्यांतही तो लांब होतो. आणि गर्दीच्या टँकमध्ये नराचा कुरतडला जातो.

सोनेरी रॅममध्ये काळा ठिपकाच नाही, त्यामुळे गुलाबी पोटावर काम चालवायचे. 'इलेक्ट्रिक ब्लू' रॅममध्ये ठिपका नाही आणि निळ्या झाकोळात गुलाबीही दडते. त्यांची पिल्ले नर-मादी सांगून विकणारा अंदाजच सांगत असतो. फुग्यासारख्या आखूड अंगाच्या रॅमबद्दल लिहीत नाही. तो घेऊच नये असे माझे मत आहे, त्याला धड पोहताही येत नाही.

याला जोडून एक इशारा. अडीच सेंटिमीटरचा रॅम पूर्ण वाढलेल्या माशासारखा लखलखीत दिसत असेल, आणि टँकमधली सगळीच पिल्ले तशी असतील, तर हात आखडता घ्यावा. खाद्यातून नर-संप्रेरक दिले की पिल्ले लवकर रंगतात. चिलापीची पिल्ले सरसकट नर व्हावीत म्हणून जे मिथाइल टेस्टोस्टेरॉन मत्स्यशेतीत वापरतात तेच. चिलापीही सिक्लिडच. अशा रॅमच्या माद्या नरासारख्या दिसतात, रंग काही आठवड्यांत उतरतो आणि पुढे बऱ्याचदा त्यांच्याकडून प्रजा होत नाही. एकाच टँकमध्ये काही फिकी, काही रंगलेली, काही मधली अशी पिल्ले दिसणे हेच निरोगीपणाचे लक्षण.

जोडी म्हणून घेतलेल्या दोन रॅम माद्यांचा प्रकार मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात माणसे उगाच औषधांवर पैसे घालवतात. दोन माद्या शेजारी-शेजारी राहतात, दगड साफ करतात, एकीपाठोपाठ दुसरी त्यावर अंडी घालते, दोघी मिळून राखतातही. दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडतात. मालक बुरशी समजून मिथिलीन ब्लू ओततो, पाणी बदलतो, हीटर वाढवतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. फलितच न झालेल्या अंड्यांना औषध काय करणार! अंडी घालताना दोघांच्या पोटाखालची नळी पाहावी. मादीची अंडनलिका जाड, बोथट आणि ठळक असते. नराची नळी बारीक आणि टोकदार. दोन्ही जाड असतील तर प्रश्न तिथेच सुटला. ही नळी अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून बाहेर येते, एरवी दिसत नाही. मोठ्या सिक्लिडांना हातात उलटे धरून गुदद्वाराजवळची छिद्रे तपासतात, ते बघून चार सेंटिमीटरच्या रॅमवर हा प्रयोग करू नये. काही दिसत नाही आणि पोटावर दाब येऊन मासा मरतो.

बोलिव्हियन रॅमविषयी थोडक्यात : चार सेंटिमीटरच्या आत ओळखू येतच नाही. पुढेही शेपटीच्या दोऱ्यांची लांबी आणि अंगाची जाडी यांवरून अंदाज, खात्री फक्त अंडी घालताना. काही सिक्लिड असेच असतात. कोकण-गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर आपल्याकडचा अस्सल देशी सिक्लिड. त्याचेही नर-मादी एरवी बाहेरून सांगता येत नाहीत, आणि त्यावाचून त्याचे काही अडत नाही.

मग घ्यायचे कसे? एकाच जातीची सहा पिल्ले. नर-मादीचे प्रमाण निम्मे-निम्मे धरले तर दोनच पिल्ले घेतल्यास ती एकाच लिंगाची निघण्याची शक्यता निम्मी. चार घेतली तर आठात एक. सहा घेतली तर बत्तिसात एक. पण वर सांगितलेला उन्हाळी घाणा असेल, दहात आठ नर असा, तर सहाच्या सहा नर निघण्याची शक्यता चारात एकीहूनही थोडी जास्त होते. म्हणून दुकानदाराला 'नर-मादी सांगा' म्हणण्याऐवजी 'ही पिल्ले कधीची' हे विचारावे. उन्हाळ्यातली असतील तर तीन इथून, तीन दुसऱ्या घाण्यातून घ्यावीत. मग मात्र आकाराची तुलना आपापल्या भावंडांतच करायची, सहांत सरसकट नाही.

या सहांना दोन फूट बाय एक बाय एकचा टँक पुरतो. साधारण ५५ लिटर पाणी, स्पंज फिल्टर, आठवड्यातून दोनदा चौथा हिस्सा पाणी बदल. खाद्यात कंजुषी केली तर पर वाढत नाहीत आणि ओळख महिनाभर लांबते. सकाळ-संध्याकाळ ताजे आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) द्यावे. दर दोन आठवड्यांनी प्रत्येकाचा डाव्या बाजूने फोटो काढून ठेवावा. अंगावरचे डाग आणि परांवरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून एक ते सहा असे क्रमांक देता येतात. दहाव्या आठवड्याला काळी रेघ असलेल्यांची नोंद, चौदाव्याला पुन्हा, अठराव्याला निवाडा. आधीच्या नोंदी खोडू नयेत. पहिल्या वेळी 'मादी' लिहिलेल्यांपैकी कोण फिरले ते कळले की पुढच्या खेपेस डोळा तयार होतो.

आपिस्टोंत वागण्याची एक चाचणीही घेता येते. नारळाची करवंटी पालथी ठेवावी, कडेला दोन सेंटिमीटरचेच दार कापावे. चार महिन्यांची मादी आत-बाहेर करू लागते, दाराशी उभी राहून पिवळी पडते. नर बाहेर घिरट्या घालतो. त्याला आत शिरता येत नाही आणि फारशी गरजही नसते. क्रिबमध्ये पुढाकार मादीचा. ती अंगाची कमान करून, पोटाचा रंग नराच्या तोंडासमोर धरून थरथरते. दोघे मासे एकमेकांसमोर अशीच कमान करत असतील, तर पोटाखालच्या परांच्या कडा पुन्हा एकदा पाहाव्यात.

निवड झाल्यावर जादा नर लगेच काढावेत. अंडी घातली की आपिस्टोची मादी लहान टँकमध्ये नराचाही जीव घेऊ शकते, त्यामुळे ठरलेल्या जोडीतल्या नरालाही आडोसा म्हणून दुसऱ्या टोकाला झाडी आणि एखादी करवंटी हवी.

शेवटी त्याच पानावरच्या छायाचित्राविषयी. त्याखाली 'रॅमचा नर' असे छापले आहे. छायाचित्रातल्या माशाचे पोट गुलाबी आहे आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे खवले चमकत आहेत. ती मादी आहे.

आपला,
एक वाचक आणि मत्स्यपालक,
डोंबिवली